पॅड उखडला, ट्रॅक तुटला: सोल्डरिंग करताना बिघडलेला पीसीबी कुठल्या क्रमाने दुरुस्त करायचा

पीसीबीवरून, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या बोर्डवरून, जुना रिले (करंटने चालणारा स्विच) किंवा कपॅसिटर ओढून काढताना पायाबरोबर तांब्याचा पॅडपण (पाय सोल्डर होतो ती चकती) वर आला, नाहीतर विक (सोल्डर शोषणारी तांब्याची विणलेली पट्टी) ओढताना ट्रॅक (बोर्डवरची तांब्याची रेघ) फाटला, की बहुतेक जण एकच गोष्ट करतात. गरम आयर्न पुन्हा त्याच जागी टेकवतात, वरून भरपूर सोल्डर ओततात आणि पॅड परत चिकटेल म्हणून वाट बघतात. तो चिकटत नाही. सोल्डर तांब्याला धरतं, बोर्डच्या फायबरला अजिबात धरत नाही, आणि प्रत्येक वेळी आयर्न टेकवलं की शेजारचा शाबूत ट्रॅकसुद्धा भिंतीचा पोपडा सुटावा तसा सुटायला लागतो. पहिल्या चुकीत बोर्ड जेवढा बिघडतो त्यापेक्षा जास्त या घाईच्या दुरुस्तीत बिघडतो, आणि तसे बोर्ड अजूनही दुरुस्तीला येतच राहतात, म्हणून सगळा क्रम एकदा नीट लिहितोय.

एक गोष्ट आधी पक्की करा, पुढचं सगळं तिच्यावर आहे. पॅड दोन कामं करतो: करंटला रस्ता देतो आणि पार्टला धरून ठेवतो. पॅड गेला की ही दोन कामं वेगवेगळी करायची. रस्ता वायरने द्यायचा, आधार वेगळा द्यायचा. उखडलेला पॅड जागेवर बसवण्यात वेळ घालवायची गरज दहातल्या आठ वेळा नसते.

उदाहरण म्हणून पाण्याच्या मोटरचा ऑटो कंट्रोलर किंवा स्टॅबिलायझर घेऊ, ज्यात १२ व्होल्टचा पाच पायांचा छोटा रिले असतो. हाच पार्ट सगळ्यात जास्त बदलला जातो आणि याच्याखालचेच पॅड सगळ्यात जास्त उखडतात.

१. हात थांबवा, सप्लाय काढा, कपॅसिटर रिकामा करा

पॅड हललेला दिसला की आयर्न बाजूला ठेवा आणि बोर्ड पूर्ण गार होऊ द्या. तांबं फायबरला रेझिनने चिकटलेलं असतं, साध्या फायबर बोर्डचं रेझिन १३०-१४० अंशाच्या पुढे मऊ पडतं आणि आपलं आयर्न असतं ३५० ला, म्हणजे गरम असताना पॅडला नुसतं बोट लागलं तरी तो सरकतो. गार झाल्यावर जे चिकटून आहे ते बऱ्यापैकी धरून राहतं.

प्लग काढलेला असला तरी एसएमपीएस (मेन्सवरून कमी व्होल्टेज बनवणारा स्विचिंग सप्लाय) असलेल्या बोर्डवर ४०० किंवा ४५० व्होल्ट लिहिलेला मोठा कपॅसिटर बघा. २३० व्होल्ट एसी डायोडमधून गेला की त्या कपॅसिटरवर साधारण ३२५ व्होल्ट डीसी होतो आणि तो प्लग काढल्यावरही काही वेळ तसाच राहू शकतो. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करू नका, ठिणगी उडते आणि अजून एक ट्रॅक जातो. १० किलोओम ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेशनवाल्या क्लिपांनी अर्धा मिनिट लावा आणि मग मीटरने मोजा.

*सावधान:* स्वस्त कंट्रोलर आणि टायमरमध्ये बऱ्याचदा ट्रान्सफॉर्मर नसतोच, चौकोनी कपॅसिटरमधून थेट मेन्सवरून ५ किंवा १२ व्होल्ट बनवलेले असतात. अशा बोर्डचा ग्राउंडसुद्धा शॉक देतो. चालू बोर्डवर "ही तर १२ व्होल्टची बाजू आहे" म्हणून हात लावू नका. बॅटरीवर चालणारी वस्तू असेल तर बॅटरी काढल्याशिवाय काम नाही.

२. बोर्ड कुठल्या जातीचा आहे ते बघा

यात दोन मिनिटं जातात आणि पुढचा अर्धा त्रास वाचतो. तपकिरी, कागदी, एका बाजूलाच ट्रॅक असलेला बोर्ड असेल तर तांबं पटकन सुटतं पण दुरुस्ती सोपी, कारण सगळं डोळ्यासमोर असतं. हिरवा फायबर बोर्ड आणि दोन्ही बाजूंना ट्रॅक असतील तर होलच्या आत तांब्याची नळी असते जी वरचा आणि खालचा ट्रॅक जोडते, पाय ओढताना ती नळीच बाहेर येऊ शकते. पायाला बारीक अंगठीसारखं तांबं चिकटलेलं दिसलं तर समजा नळी गेली.

तिसरी जात म्हणजे चार किंवा जास्त थरांचा बोर्ड: लॅपटॉप, राउटर, मोबाइल. मागून मोबाइलचा टॉर्च लावून बघा, दोन्ही बाजूंना ट्रॅक नसलेल्या जागीसुद्धा उजेड आरपार येत नसेल तर आत तांब्याचे थर आहेत. तिथे नळी तुटली तर आतल्या थराचं कनेक्शनही जातं, जे वरून दिसत नाही. स्किमॅटिक (सर्किटचा नकाशा) नसेल तर अशा बोर्डवर पहिला सराव करू नका.

वॉशिंग मशीनचे बोर्ड बहुतेक वेळा पारदर्शक जेलमध्ये बुडवलेले असतात. कामाच्या जागेचं जेल प्लास्टिकच्या पट्टीने किंवा बांबूच्या काडीने आधी काढून घ्या. जेल किंवा कोटिंगवरून आयर्न फिरवायचं नाही, पॉलियुरेथेनचा धूर छातीला खरंच वाईट असतो.

३. सामान आधी टेबलावर मांडा

अर्ध्या कामात वायर शोधायला उठलं की उघडा ट्रॅक कशाला तरी अडकतो आणि अजून फाटतो, म्हणून आधी सगळं जवळ घ्या. लागतं ते एवढंच:

- टेम्परेचर कंट्रोल असलेलं आयर्न असेल तर उत्तम, साधं २५ वॅटचंही चालतं. टोक सुईसारखं नको, छिन्नीसारखं चपटं हवं.
- ६३/३७ किंवा ६०/४० ची (कथील/शिसं) बारीक सोल्डर वायर आणि रोझिन फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात तो).
- डीसोल्डर पंप (वितळलेलं सोल्डर ओढून घेणारा), विक, नवीन ब्लेड, चिमटा, भिंग.
- ९९ टक्क्यांचं आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि जुना टूथब्रश.
- ०.२५ मिमीची कोटिंगवाली जम्पर वायर (तुटलेला रस्ता जोडायची), आणि कापून ठेवलेले रेझिस्टर-डायोडचे पाय. हे पाय कधी फेकू नका.
- दोन ट्यूबवालं अरल्डाइट, पिवळी, उष्णता सोसणारी कॅप्टॉन टेप.
- मल्टिमीटर.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला नाहीतर पुण्यात तपकीर गल्लीत हे सगळं मिळतं. नळाच्या पाइपला किंवा पत्र्याला लावायचा अ‍ॅसिडवाला फ्लक्स मात्र आणू नका. त्याने सोल्डर झकास धरतं, पण राहिलेलं अ‍ॅसिड बारीक ट्रॅक खात राहतं आणि पावसाळ्यात हिरवा थर दिसायला लागतो. फेविक्विकपण पॅडसाठी नको, उष्णता लागली की सोडतं आणि त्याचा धूर डोळ्यात झोंबतो.

४. पार्ट अजून अर्धवट अडकलाय? आधी तो सोडवा, ओढू नका

रिलेचे दोन पाय सुटलेत, तीन अडकलेत, एक पॅड हललाय, अशी वेळ सगळ्यात धोक्याची. इथे लोक रिले हलवून हलवून ओढतात. रिले खराबच असेल तर त्याला वाचवायचं काही कारण नाही: कटरने प्लास्टिक फोडा, आतलं काढून टाका, म्हणजे पाच सुटे पाय राहतील आणि एकेक पाय वेगळा काढता येईल. पार्टपेक्षा बोर्ड महाग, हे इथे लक्षात ठेवा.

एकेका पायावर आधी फ्लक्स आणि थोडं नवीन शिशाचं सोल्डर घाला. कंपनीचं सोल्डर बहुतेक वेळा बिनशिशाचं, २१७ अंशाच्या पुढे वितळणारं असतं. त्यात १८३ ला वितळणारं ६३/३७ मिसळलं की सगळं लवकर पातळ होतं आणि आयर्न कमी वेळ टेकवावं लागतं. टोक ३२० ते ३५० वर ठेवा, दोन-तीन सेकंदात वितळलं पाहिजे. वितळत नसेल तर तापमान ४५० करायचं नाही, जाड टोक लावायचं. ग्राउंडच्या रुंद तांब्यावरचा पाय असेल तर तांबं सगळी उष्णता पिऊन टाकतं, तेव्हा बोर्ड खालून हॉट एअरने १०० अंशाच्या आसपास कोमट करून घ्या.

*तपासा:* पाय ओढण्याआधी चिमट्याने आडवा हलवून बघा. होलमध्ये मोकळा हलला तरच ओढायचा. जरा जरी अडला तर पुन्हा सोल्डर घाला आणि पुन्हा पंप मारा.

*सावधान:* विक वापरताना आयर्न आणि विक एकदमच उचला. आयर्न आधी उचललं की विक तिथेच गोठते, मग ती ओढली की पॅड तिच्याबरोबर येतो. पॅड उखडण्याचं हे एक नंबरचं कारण आहे. पंपाचं तोंडही पॅडवर दाबून घासू नका.

५. साफ करा आणि नकाशा काढा

आता आयपीए आणि ब्रशने जागा स्वच्छ करा, जळका फ्लक्स निघाला की नुकसान दिसतं त्यापेक्षा बऱ्याचदा कमी निघतं. लोंबणारा पॅड बोटाने वर-खाली करून बघू नका, दोन-तीनदा वाकला की तुटलाच. ट्रॅकला अजून जोडलेला असेल तर तसाच राहू द्या, पूर्ण फाटून एका धाग्यावर असेल तर ब्लेडने सरळ कापून टाका.

मग कागद घ्या. उखडलेल्या पॅडला कुठला ट्रॅक येत होता, तो पुढे कुठल्या पार्टच्या कुठल्या पायावर जातो, हे लिहा. दोन बाजूंचा बोर्ड असेल तर वरच्या बाजूनेही ट्रॅक निघत होता का ते बघा, कारण लोक खालचा ट्रॅक जोडतात, वरचा विसरतात आणि मग "सगळं केलं तरी चालत नाही" म्हणून आयसी बदलत बसतात. टॉर्च मागून धरला की दोन बाजूंच्या बोर्डवर ट्रॅक छान दिसतात. आयसीचा पाय असेल तर डेटाशीट (कंपनीने दिलेली आयसीची माहिती) उघडा, तो पाय न वापरलेला निघाला तर दुरुस्तीच नको.

आपल्या उदाहरणातल्या रिलेत हे सोपं आहे: दोन पाय कॉइलचे, एक कॉमन, एक एनओ (रिले बंद असताना कॉमनला न जोडलेला), एक एनसी (रिले बंद असताना कॉमनला जोडलेला). मोटरच्या कंट्रोलरमध्ये एनसीला बहुतेक वेळा काहीच जोडलेलं नसतं. उखडलेला पॅड एनसीचा असेल तर नवीन रिले घाला, बाकीचे चार पाय नीट सोल्डर करा, काम संपलं.

*तपासा:* बोर्ड काळा पडलाय का? जळून कोळसा झालेलं फायबर करंट वाहू शकतं. मेन्सच्या बाजूला काळा भाग असेल तर ब्लेडने खरवडून पिवळं-पांढरं स्वच्छ फायबर दिसेपर्यंत काढा. फेज आणि न्यूट्रलच्या मधलं फायबर आरपार जळलं असेल तर तो बोर्ड पुन्हा लावू नका, घराला आग लागायची ती जागा आहे.

६. तांबं उघडं करा

इथे घाई सगळ्यात महाग पडते. तुटलेल्या टोकापासून ट्रॅकवर ३ ते ५ मिमी मागे, जिथे तांबं घट्ट चिकटलेलं आहे, तिथला हिरवा थर काढायचा. ब्लेड उभं धरून कोरायचं नाही, आडवं झोपवून हलक्या हाताने आपल्याकडे ओढायचं. आधी हिरवी भुकटी निघते, मग मध्ये मध्ये गुलाबीसर चमक दिसायला लागते, तिथेच दाब कमी करा. बोर्डवर तांबं साधारण ३५ मायक्रॉन म्हणजे ०.०३५ मिमी जाड असतं, दोन जोराचे फटके मारले की खाली फायबरच. ब्लेड ट्रॅकच्या लांबीच्या दिशेनेच चालवा, आडवं चालवलं की नवीन काप पडतो जो नंतर भिंगाशिवाय दिसत नाही.

आता फ्लक्स, आणि टोकावर अगदी थेंबभर सोल्डर घेऊन एक-दीड सेकंद स्पर्श. सोल्डर पाण्यासारखं पसरून तांब्याला चांदीचा रंग आला म्हणजे झालं. गोळा होऊन बसलं तर थर अजून शिल्लक आहे, पुन्हा साफ करा, जास्त वेळ तापवू नका.

७. जोडणी: नुकसानाप्रमाणे चार रस्ते

*गोंद आधी की सोल्डर आधी*, हा क्रम बरेच जण उलटा करतात. पॅड सुटलाय पण ट्रॅकला जोडलेला आहे, तर गोंद आधी. पॅड गेलाच आहे आणि वायर टाकायची आहे, तर आधी वायर, मग तपासणी, गोंद सगळ्यात शेवटी. गोंदाखाली राहिलेला कच्चा जॉइंट पुन्हा काढायला लागला तर उरलेला ट्रॅकपण जातो.

पॅड सुटलाय, पण तुटला नाही. पॅडखाली आयपीए, पूर्ण वाळू द्या. दोन्ही ट्यूबचं अरल्डाइट सारखं मिसळून टाचणीच्या टोकाने पॅडखाली सरकवा, होलमध्ये आणि पॅडच्या वर जाऊ देऊ नका. वरून कॅप्टॉन टेप लावून दाबा आणि साधं, सावकाश सुकणारं अरल्डाइट असेल तर रात्रभर ठेवा. त्यानंतरचं सोल्डरिंग एकाच दमात, दोन सेकंदात. हा गोंदसुद्धा उष्णतेने मऊ पडतो, परत परत तापवलंत तर मेहनत फुकट.

पॅड गेला, एका बाजूचा बोर्ड. ही सगळ्यात सोपी आणि मला सगळ्यात भरवशाची वाटणारी दुरुस्ती. नवीन पार्टचा पाय न कापता होलमधून बाहेर काढा आणि उघड्या केलेल्या ट्रॅकवर आडवा झोपवा, निदान ३ मिमी तांब्याला लागला पाहिजे, मग सोल्डर करा. रिलेचे पाय आखूड आणि कडक असतात, ते वळत नाहीत. तिथे कापलेल्या पायाचा तुकडा घ्या, रिलेच्या पायाला एक वेढा द्या, दुसरं टोक ट्रॅकवर झोपवा, दोन्हीकडे सोल्डर.

होलमधली नळी गेली, दोन बाजूंचा बोर्ड. पाय आता खाली जोडला तरी वर आपोआप जोडला जात नाही. वरच्या बाजूला पॅड शिल्लक असेल आणि आयर्न पोचत असेल तर दोन्ही बाजूंनी सोल्डर करा. पण मोठा कपॅसिटर किंवा रिले वरचा पॅड झाकून टाकतो, तेव्हा पार्ट बसवण्याआधी वरच्या ट्रॅकला बारीक वायर जोडून ती त्याच होलमधून, जागा नसेल तर बोर्डच्या कडेवरून खाली आणा आणि पायाला जोडा. पार्ट बसवून झाल्यावर हे आठवलं तर सगळं परत काढावं लागतं.

एसएमडी पॅड (होल नसलेला, ज्यावर पार्ट वरूनच बसतो) गेला. पार्टच्या पायावर ०.२५ किंवा त्याहून बारीक वायर जोडून ती नकाशातल्या पुढच्या पक्क्या जागेवर न्या. पार्ट खाली गोंदाच्या थेंबावर बसवा, नाहीतर सगळं वजन वायरवर येतं आणि पहिल्या धक्क्याला पुढचा पॅड उखडतो. मोबाइलवाले वापरतात तो यूव्ही मास्क (यूव्ही उजेडात सुकणारं कोटिंग) असेल तर वायरवर लावून यूव्ही टॉर्चने सुकवा.

*सावधान:* मेन्सची बाजू आणि लो व्होल्टेजची बाजू यांच्यामध्ये बोर्डला मुद्दाम फट कापलेली असते किंवा मोकळी पट्टी सोडलेली असते, ऑप्टोकपलर (उजेडाने सिग्नल पलीकडे पोचवणारा पार्ट) आणि ट्रान्सफॉर्मर तिच्यावर बसलेले दिसतात. त्या फटीवरून किंवा पट्टीवरून जम्पर वायर कधीच टाकू नका, कितीही जवळचा रस्ता वाटला तरी. क्रिस्टल, यूएसबीच्या डेटा लाइन, एसएमपीएसच्या फीडबॅकची लाइन इथे वायर शक्य तेवढी आखूड ठेवा, वळसा घालून आणलेली वायर वेगळेच प्रॉब्लेम उभे करते.

८. वायर किती जाड हवी

१ मिमी रुंदीच्या ट्रॅकमध्ये तांबं फक्त ०.०३५ चौरस मिमी असतं. ०.२५ मिमीच्या वायरमध्ये ते ०.०५ भरतं, म्हणजे बारीक दिसते तरी सिग्नलच्या ट्रॅकला ती पुरून उरते. ५ मिमी रुंद ट्रॅकला ०.१७५ लागतं, तिथे अर्धा मिमीचा रेझिस्टरचा पाय बरोबर बसतो. पण ट्रॅक चपटा, बोर्डला चिकटलेला असतो, त्याची उष्णता लवकर निघून जाते, वायरचं तसं नसतं, म्हणून नेहमी एक पायरी जाड घ्या.

रिलेच्या कॉमन आणि एनओमधून मोटरचा सगळा करंट जातो. तिथे ट्रॅक उखडला असेल तर तुकडे जोडत बसू नका, १ चौरस मिमीची इन्सुलेशनवाली वायर रिलेच्या पायापासून थेट टर्मिनलपर्यंत टाका. त्या ट्रॅकवर कंपनीने सोल्डरचा जाड थर दिलेला असतो तो करंटसाठीच, तो पंपाने काढला असेल तर परत द्या.

९. सप्लाय देण्याआधी मीटर

बीपवर विसंबून राहू नका. बरेच मीटर ३०-४० ओहमपर्यंतही बीप देतात, म्हणजे केसासारखा अर्धवट चिकटलेला जॉइंटही "ओके" दिसतो. मीटर २०० ओहमच्या रेंजवर घ्या, आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून येणारा आकडा लिहा आणि जॉइंटवर तेवढाच येतो का बघा. मोजताना लाकडी काडीने वायर हलकी हलवा, आकडा नाचला तर जॉइंट कच्चा आहे. प्रोब पार्टच्या पायावर ठेवा, सोल्डरच्या गोळ्यावर नको.

मग उलट तपासणी: जोडलेली लाइन शेजारच्या पॅडला लागलेली नाही ना, सप्लायचा प्लस आणि ग्राउंड शॉर्ट नाहीत ना. कपॅसिटरमुळे आकडा सुरुवातीला कमी दिसून चढत जातो, ते ठीक, शून्याजवळच थांबला तर सप्लाय देऊ नका. सगळं बरोबर असेल तर आता आयपीएने फ्लक्स धुवा, वाळवा, आणि जम्परवर दर दोन-तीन सेंटिमीटरवर गोंदाचा थेंब द्या.

१०. पहिला सप्लाय सिरीज बल्बमधून

सिरीज बोर्डवर, म्हणजे ज्यात बल्बमधूनच पुढे सप्लाय जातो अशा स्विचबोर्डवर, ६० किंवा १०० वॅटचा जुना फिलामेंटवाला बल्ब लावा, एलईडी बल्ब इथे चालत नाही. मोटर जोडू नका, फक्त दुरुस्त केलेला बोर्ड. स्विच टाकल्यावर बल्ब क्षणभर चमकून विझला किंवा मंद झाला तर ठीक. लख्ख पेटून राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद करा आणि पायरी ९ वर परत जा. लांब उभे राहा आणि हात बोर्डपासून बाजूला ठेवा.

रिले टकटक आवाज करून चालू-बंद होत असेल तर सिरीज बल्ब काढा, मोटर जोडा आणि दहा-पंधरा मिनिटं चालवा. मग बंद करून, प्लग काढून, कपॅसिटर रिकामा झाल्याचं मीटरने बघून, दुरुस्त केलेल्या जागी बोट लावा. शेजारच्या भागापेक्षा जॉइंट जास्त गरम लागला तर वायर बारीक पडली आहे किंवा सोल्डर नीट धरलेलं नाही, बोर्ड डब्यात बंद करायच्या आधीच ते बदला.

जागा गार लागली तर उघड्या तांब्यावर पीसीबी लॅकरचा किंवा यूव्ही मास्कचा हात द्या, कोकणात किंवा गोव्यात असाल तर हे चुकवू नकाच, दमट हवेत उघडं तांबं लवकर काळं पडतं. आणि डब्याच्या झाकणाच्या आतून स्टिकरवर जम्पर कुठून कुठे टाकलाय ते लिहून ठेवा, पुढच्या वेळी बोर्ड उघडणाऱ्याला ती वायर कसली म्हणून कापावीशी वाटणार नाही.